पटसंख्या चार

नाव नोंदवायला चार माणसं लागतात.
रोहिदासकडे तीन होती.
चौथा, सावियो, मार्चात जहाजावर गेला,
बाणही घेऊन गेला,
आणि आता कुठल्यातरी समुद्रात
केबिनच्या दारावर ते मारत बसतो म्हणे.

म्हणून शनिवारी तिन्हीसांजेला रोहिदास माझ्या पायरीवर.
पंचेचाळिशीचा माणूस, टिप्पर चालवून खांदे उतरलेला,
हात मागे बांधून उभा,
तिसरीत असताना राहायचा तसा.
"बाई, खेळायचं नाही. फक्त हिशेब.
पाचशे एकातून वजा करत करत शून्यावर यायचं.
आमचं चुकतं, आणि कुडचडेवाले चुकू देतात."
मी म्हटलं, तुझं तिसरीतही चुकायचं.
हातचा विसरायचास.
"म्हणूनच आलो," म्हणाला.

कायतानच्या बारात मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं.
रिवणात छत्तीस वर्षं नोकरी केली,
त्या दारावरून दिवसातून दोनदा गेले,
छत्री त्या बाजूला कलती धरून.
आत होतं काय, तर एक कुरकुरणारा पंखा,
सांत आंतोनच्या तसबिरीपुढे लाल बल्ब,
काजूचा आंबूस वास,
आणि भिंतीवर काळा फळा.

फळा मी ओळखला.
उजव्या कोपऱ्यात तडा,
वर तेलरंगात 'पट' आणि 'हजर', माझ्याच अक्षरात.
शाळा बंद झाली तेव्हा कायतानने लिलावात उचलला,
बाकांसकट.
त्या बाकांवर आता मोठी माणसं फेणी पितात
आणि कर्कटकाने कोरलेली स्वतःची नावं
बोटांनी चाचपत राहतात.

तो गोल मात्र मला पटेना.
विसाच्या एका कुशीला एक, दुसऱ्या कुशीला पाच.
हे कुठल्या मास्तराने मांडलं?
"हाव धरणाऱ्यासाठी आहे ते, बाई," बेंतू म्हणाला.
बेंतू खाणीच्या वजनकाट्यावर होता.
खाण थांबली, काटा गंजला,
त्याचा हात अजून हलत नाही.
तिसरी जासिंता, कायतानची सून.
गल्ल्यावरून उठते, तीन बाण मारते,
आणि कुणाचे तरी सुटे द्यायला परत जाते.

मी खडू घेतला.
वीस त्रिक साठ. सतरा त्रिक एक्कावन्न.
दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यातला एक दारुडाही म्हणू लागला,
तिसऱ्यात सगळा बार.
"एकोणीस त्रिक?" मी विचारायची,
आणि ग्लास खाली ठेवून
सत्तावन्न म्हणायची माणसं,
ज्यांना मी एकेकाळी अंगठे धरून उभं केलं होतं.

मग लीगचा माणूस अर्ज घेऊन आला.
चार नावं, चौघांनी मारायचं.
खडू धरणारा धरत नाहीत.
तिघांनी अर्जाकडे पाहिलं, मग छताकडे,
माझ्याकडे कुणीच नाही.
अर्ज मीच ओढला.
चौथ्या रकान्यात माझं नाव लिहिलं
आणि संघाचं नाव: पटसंख्या चार.
शेवटच्या वर्षी शाळेत तेवढीच मुलं उरली होती.
चारांत शाळा चालत नाही, असं वरून आलं होतं.

माझा पहिला बाण कॅलेंडरच्या जूनमध्ये घुसला.
दुसऱ्याने पंख्याचं बटण बंद केलं.
महिनाभराने बेंतू म्हणाला, "आता निदान भिंत सुरक्षित आहे."

पहिला सामना कुडचड्याशी, आमच्याच बारात.
शेवटी आमचे दोन उरले,
आणि पाळी माझी.
दोन म्हणजे एकाची दुप्पट,
बाहेरच्या कडेची नखाएवढी पट्टी.
बे एके बे.
छत्तीस वर्षं दर जूनला
याच ओळीने सुरुवात केली.
बार गप्प. पंखाही कुणीतरी बंद केला.
तीन बाण. एक वर, एक खाली,
एक तारेला लागून उडाला
आणि जासिंताच्या चपलेपाशी पडला.

कुडचडेवाल्यांनी पुढच्याच फेरीत संपवलं.
हात मिळवले, पैशांवरून थोडं भांडले, गेले.
फळ्यावर आमचे दोन तसेच होते.
पुसायला डस्टर उचलला, आणि ठेवला.

पुढचा शनिवार केप्याला.
रोहिदासचा पिकअप साडेसहाला निघेल,
मी पुढे बसायचं, बेंतू मागे.
खडू आपलाच न्यायचा, मी सांगून ठेवलंय.
तिथले सर्दावलेले असतात,
आठ आणि शून्य यांत फरक कळत नाही.